ठरावापासून रस्त्यापर्यंत : इंदूर महानगरपालिकेच्या काही निर्णयांचा परिचय

इंदूर शहराने केंद्र शासनाच्या स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ साली पहिला क्रमांक पटकाविला आणि त्यानंतर तो सातत्याने राखला, ही गोष्ट वाचकांस परिचित आहे. २०२३ च्या सर्वेक्षणात सुरत शहराबरोबर हा मान त्यास वाटून घ्यावा लागला. तर २०२४-२५ च्या सर्वेक्षणापासून वारंवार वरचे स्थान मिळविणाऱ्या शहरांसाठी ‘सुपर स्वच्छ लीग’ नावाची स्वतंत्र श्रेणी करण्यात आली व तीतही मोठ्या शहरांमध्ये इंदूर अग्रभागी राहिले. परंतु हा क्रमांक ज्या निर्णयांच्या जोरावर मिळाला ते निर्णय कोणते, ते अंमलात कसे आले, त्यांचा खर्च कसा भागविला गेला आणि कोणत्या बाबतीत हेच शहर कमी पडले, याची माहिती एकत्रितपणे क्वचितच वाचावयास मिळते. नगरपालिका व महानगरपालिका यांच्या कामकाजाशी संबंध येणाऱ्या आपल्या वाचकांना ती उपयुक्त वाटेल, या हेतूने प्रस्तुत लेखात ती देण्याचा प्रयत्न केला आहे.

मराठी वाचकास इंदूर परके नाही. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी येथे स्थिरावली आणि राजवाड्याभोवतीच्या पेठांतून मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. शहराच्या आरोग्याचा प्रश्नही तितकाच जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी प्लेगच्या साथींनी इंदूर वारंवार हैराण होत असे. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या कारकिर्दीत दरबाराने स्कॉटिश नगररचनातज्ज्ञ पॅट्रिक गेडिस यांस पाचारण केले. त्यांनी शहर पायी फिरून पाहिले आणि १९१८ साली दोन खंडांचा सविस्तर अहवाल सादर केला. जुन्या वस्त्या सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यास त्यांचा विरोध होता. मोजकी पडकी घरे काढावीत, लहान मोकळ्या जागा निर्माण कराव्यात, विहिरी व तळी दुरुस्त करावीत आणि नदीकाठ स्वच्छ ठेवावा, असा त्यांचा आग्रह असे.

गेडिस यांच्या मुक्कामातील एक प्रसंग येथे नमूद करण्यासारखा आहे. लोकांच्या मनातील संशय घालविण्यासाठी त्यांनी दिवाळीच्या सुमारास एक मिरवणूक योजिली. जी पेठ सर्वांत स्वच्छ व दुरुस्त असेल तिच्यातून मिरवणूक जाईल, असे जाहीर करण्यात आले. परिणामी घरोघर साफसफाई व रंगसफेदी सुरू झाली. मिरवणुकीत प्लेगचा भला मोठा उंदीर होता, घाणीचा राक्षस होता. आणि शुभ्र वस्त्रे व पुष्पमाला घातलेले शहरातील सफाई कामगार मानाने चालत होते. अखेरीस राक्षसाचे दहन झाले. शंभर वर्षांनंतर याच शहरात जे घडले त्यातील पुष्कळसा भाग या मिरवणुकीत बीजरूपाने दिसतो, असे म्हणावयास हरकत नाही. पेठापेठांतील चढाओढ आणि सफाई कामगारास दिलेली प्रतिष्ठा, ही दोन साधने त्या वेळीही वापरली गेली होती.

निर्णय कोण घेतो

इंदूरचा कारभार मध्य प्रदेश महानगरपालिका अधिनियम, १९५६ अन्वये चालतो. तेथे या संस्थेस ‘नगर निगम’ म्हणतात. महाराष्ट्रातील महानगरपालिकांत महापौराची निवड नगरसेवक करतात आणि आर्थिक मंजुरीची किल्ली स्थायी समितीच्या हाती असते. मध्य प्रदेशात महापौराची निवडणूक थेट मतदारांकडून होते आणि स्थायी समितीऐवजी महापौरांच्या अध्यक्षतेखालील ‘महापौर परिषद’ काम पाहते. परिषदेच्या प्रत्येक सदस्याकडे एकेक विभाग असतो, उदाहरणार्थ जलपुरवठा, आरोग्य, बांधकाम, महसूल. सभागृहाचे कामकाज सभापती चालवितात. प्रशासनाचा प्रमुख मात्र शासनाने नेमलेला आयुक्त असतो. वाढलेल्या हद्दीसह शहराचे ८५ प्रभाग करण्यात आले आहेत.

ही रचना मुद्दाम सांगण्याचे कारण असे की, अशा व्यवस्थेत महापौर व आयुक्त यांची दिशा एक असेल तर निर्णय झपाट्याने होतात. नसेल तर कागद फिरत राहतात. २०१५ नंतरच्या काळात महापौर मालिनी गौड व तत्कालीन आयुक्त मनीष सिंह यांच्या कारकिर्दीत दिशा एक होती. २०१६ च्या सर्वेक्षणात ७३ शहरांत पंचविसावे असलेले शहर पुढच्याच वर्षी पहिले आले, यामागील प्रशासकीय कारण प्रामुख्याने हेच आहे.

कचराकुंडी हटविण्याचा निर्णय

बाहेरून पाहणारास इंदूरचे यश म्हणजे झाडलोट वाटते. वस्तुतः मूळ निर्णय वेगळाच होता. रस्त्यावरील कचराकुंड्या काढून टाकावयाच्या आणि प्रत्येक घर, दुकान व उपाहारगृह यांच्या दारातूनच कचरा उचलावयाचा, असे ठरले. कुंडी काढल्यावर गाडी एक दिवस जरी चुकली तरी कचरा रस्त्यावर येणार, हे उघड होते. म्हणून प्रथम दोन प्रभागांत प्रयोग करण्यात आला. गाड्यांचे मार्ग, वेळा, घरांची संख्या व चालकांचे वेळापत्रक यांचा हिशेब बसल्यावरच तो टप्प्याटप्प्याने सर्व शहरास लागू झाला. प्रभागावरील देखरेख करणाऱ्या दरोग्याकडे, म्हणजे आपल्याकडील मुकादमाकडे, स्पष्ट जबाबदारी देण्यात आली. सफाई कामगारांची हजेरी यंत्राद्वारे घेणे सुरू झाले. आरंभी यास विरोधही झाला, हे सांगितले पाहिजे.

कचरा वेगळा करून देण्याची सवय एका रात्रीत लागली नाही. आधी ओला व सुका असे दोनच भाग होते. पुढे घातक घरगुती कचरा वेगळा झाला, आणि आता प्लॅस्टिक, विद्युत्‌ उपकरणांचा कचरा व सॅनिटरी कचरा धरून सहा भाग केले जातात. गाडीतच त्यासाठी स्वतंत्र कप्पे असतात. गाडीबरोबर स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते घरोघर फिरले. मिसळलेला कचरा त्यांनी गृहिणींसमोर वेगळा करून दाखविला. ज्यांनी तरीही ऐकले नाही त्यांना दंडाच्या पावत्या फाडण्यात आल्या. दरमहा सेवाशुल्कही आकारले जाते. सेवा नियमित मिळू लागल्यावर शुल्काची वसुली वाढते, हा अनुभव इतर पालिकांनीही ध्यानात घेण्याजोगा आहे. उलट क्रमाने, म्हणजे आधी शुल्क व मग सेवा, हा प्रयोग फारसा यशस्वी होत नाही.

शहराच्या कडेला देवगुराडिया येथे वर्षानुवर्षांचा कचऱ्याचा डोंगर साचला होता. त्यास वारंवार आगी लागत व धूर आसपासच्या वस्तीत पसरे. २०१८ च्या अखेरपर्यंत सुमारे १३ लाख टन जुना कचरा तेथून निकालात काढण्यात आला आणि जवळपास १०० एकर जमीन मोकळी झाली. यासाठी वापरलेली पद्धत साधी आहे. कचऱ्याचे लांबट ढीग करून त्यांवर जिवाणूंचे द्रावण फवारतात, ढीग वरचेवर उलथून हवा खेळवितात आणि कचरा कोरडा व स्थिर झाला की फिरत्या चाळणीतून तो गाळतात. मातीसारखा बारीक भाग, दगडविटा, प्लॅस्टिक व धातू अशी विभागणी होते. माती भरावास वा बागेस जाते. प्लॅस्टिक रस्त्याच्या डांबरात किंवा सिमेंटच्या भट्टीत जाते. विशेष म्हणजे हे काम टनामागे दर ठरवून कंत्राटदारास न देता महानगरपालिकेने यंत्रे भाड्याने घेऊन व ती दोन पाळ्यांत चालवून स्वतःच केले. खर्च सुमारे दहा कोटी रुपयांत भागला. कंत्राटी दराने तो अनेक पट झाला असता.

त्याच परिसरात १९ फेब्रुवारी २०२२ रोजी ओल्या कचऱ्यापासून वायू निर्माण करणाऱ्या प्रकल्पाचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्‌घाटन झाले. दिवसाला ५५० टन ओला कचरा घेण्याची त्याची क्षमता आहे. बंद टाक्यांत प्राणवायूविना कचरा कुजवला असता मिथेन व कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण तयार होते. त्यातील मिथेन शुद्ध करून दाबाखाली भरला की तो वाहनांचे इंधन म्हणून वापरता येतो. रचनेप्रमाणे येथून दिवसाला सुमारे १७,००० किलो इंधन व १०० टन सेंद्रिय खत मिळावे, असा हिशेब आहे. भांडवल खाजगी भागीदाराचे, जमीन व कचरा महानगरपालिकेचा. भागीदाराने पालिकेस दरवर्षी अडीच कोटी रुपये द्यावेत आणि पालिकेने निम्मे तरी इंधन विकत घेऊन शहर बससेवेस वापरावे, असा करार आहे.

असे प्रकल्प देशात पूर्वी अनेक ठिकाणी उभे राहिले व बंदही पडले. बहुतेकांच्या अपयशाचे कारण यंत्रसामग्रीत नव्हते. टाकीत प्लॅस्टिक, काच व माती गेली की ढवळणारी यंत्रे अडतात आणि जिवाणूंचे काम मंदावते. गृहिणीने स्वयंपाकघरात केलेली विभागणी व टाकीतील वायूचे प्रमाण यांचा संबंध इतका थेट आहे. आपल्या गोव्यात साळगाव येथे २०१६ साली सुरू झालेल्या घनकचरा प्रकल्पातही ओल्या कचऱ्यापासून वायू व वीज तयार केली जाते. तेथेही येणारा कचरा किती स्वच्छ विभागलेला आहे यावर सारे अवलंबून असते.

पैसा कोठून येतो

इंदूरला नर्मदेचे पाणी मिळावे म्हणून १९७० साली नागरिकांनी मोठी चळवळ केली आणि त्या दशकाच्या अखेरीस ते पाणी शहरात आले. मात्र नदी सुमारे ७० किलोमीटर दूर व शहर माळव्याच्या पठारावर असल्याने जलूद येथून पाणी विंध्याद्रीचा चढ चढवून आणावे लागते. त्यासाठी पंप अहोरात्र चालतात आणि विजेचे बिल महानगरपालिकेच्या खर्चातील एक जड बाब होऊन बसले आहे.

यावर उपाय म्हणून जलूद येथे ६० मेगावॉट क्षमतेचा सौर प्रकल्प उभारण्याचे ठरले व त्यासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये महानगरपालिकेने २४४ कोटी रुपयांचे हरित कर्जरोखे जनतेस विक्रीस काढले. व्याजाचा दर ८.२५ टक्के होता. मागणी सुमारे सहा पट आली. कर्जरोखा म्हणजे अनुदान नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. मुद्दल व व्याज ठरलेल्या दिवशी फेडावेच लागते. त्यासाठी कर व शुल्क यांचे उत्पन्न नियमित असावे लागते, हिशेब वेळेवर तपासून घ्यावे लागतात आणि पतमापन संस्थेकडून आपली पत ठरवून घ्यावी लागते. लहान नगरपालिकांना हा मार्ग आज खुला नाही, कारण त्यांचे लेखे अनेकदा वर्षे-वर्षे मागे असतात.

बाजार आणि सुरक्षितता

राजवाड्यानजीकच्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. रात्री दुकानांच्या फळ्या पडल्या की त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबी, दहीवडे व साबुदाण्याची खिचडी यांचा बाजार भरतो आणि मध्यरात्र उलटून जाईपर्यंत गर्दी असते. पूर्वी रात्रीच्या वर्दळीमुळे पेढ्यांची राखण आपोआप होई, असे सांगितले जाते. आता गल्ली तीच, गर्दी मात्र कितीतरी वाढली आणि प्रत्येक गाड्याखाली गॅसचे सिलिंडर आले. त्यामुळे किती विक्रेत्यांस परवानगी द्यावी, जुने व नवे यांत भेद कसा करावा, अग्निशामक दलाची गाडी आत शिरण्यास वाट कोठे ठेवावी, हे प्रश्न महानगरपालिकेपुढे वारंवार आले आहेत. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने यासाठी नगर पथविक्रेता समितीची तरतूद केली असून तिच्या सदस्यांपैकी किमान ४० टक्के विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात. विक्रेत्यास उठवायचे की नाही एवढाच पालिकेचा विचार पूर्वी असे. त्याची नोंद, प्रमाणपत्र व जागा ठरविणे आता तिच्यावर बंधनकारक आहे.

त्यामानाने ‘छप्पन दुकान’ हा भाग सोपा होता. एका ओळीतील दुकाने, समोर रस्ता. २०२० च्या आरंभी तेथे वाहनांस बंदी करून, फरसबंदी व बैठका करून ५६ दिवसांत त्याचे नूतनीकरण करण्यात आले. वाहने बंद झाली तर गिऱ्हाईक तुटेल ही दुकानदारांची भीती फोल ठरली.

सर्वच निर्णय असे टिकले नाहीत. मे २०१३ मध्ये सुमारे साडेअकरा किलोमीटर लांबीची, बसगाड्यांसाठी राखीव मार्गिका सुरू झाली. बसप्रवाशांस तिचा लाभ झाला. परंतु उरलेल्या रस्त्यावर कोंडी वाढल्याची तक्रार कायम राहिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती काढण्याची घोषणा झाली व फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यास मान्यता दिली. एका दशकाच्या अंतराने, मोठा खर्च करून बांधलेले पुन्हा खर्च करून काढावे लागणे, ही नियोजनाच्या दृष्टीने समाधानाची गोष्ट नव्हे.

याहून गंभीर घटना ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी घडली. पटेलनगर भागातील एका मंदिरात जुन्या बावडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवर, स्लॅब घालून जागा वापरात आणलेली होती. पूजेच्या वेळी तो स्लॅब खचला आणि ३६ जणांचा मृत्यू झाला. येथील अनधिकृत बांधकामाबाबत महानगरपालिकेने आधी नोटीस दिली होती. धार्मिक भावनांचा मुद्दा पुढे आल्यावर प्रत्यक्ष कारवाई झाली नव्हती. दुर्घटनेनंतर मात्र चार-पाच दिवसांतच बांधकाम हटविण्यात आले. नोटीस देण्याचे काम एका टेबलावर संपते. ती अंमलात आणण्यासाठी पोलीस बंदोबस्त, लोकप्रतिनिधींची साथ व रहिवाशांशी बोलणी ही सारी जुळवाजुळव करावी लागते. जी नोटीस अंमलात येत नाही ती नागरिकाचे रक्षण करीत नाही, केवळ कार्यालयाच्या दप्तराचे करते.

नळाचे पाणी

ऑगस्ट २०२१ मध्ये इंदूर हे देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ शहर म्हणून घोषित झाले. कान्ह व सरस्वती या नद्यांत जाणारी सांडपाण्याची हजारो मुखे बंद करून ते शुद्धीकरण केंद्राकडे वळविल्याबद्दल हा बहुमान होता. त्याचा संबंध वापरून झालेल्या पाण्याशी आहे, पिण्याच्या पाण्याशी नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुरा वस्तीत नळाच्या पाण्यात मैलापाणी मिसळले. शेकडो लोक आजारी पडले आणि अनेकांना प्राण गमवावे लागले. पोलीस चौकीजवळील शौचालयाखालून गेलेल्या मुख्य जलवाहिनीस गळती असल्याचे आढळून आले.

शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी निर्दोष असतानाही असे कसे घडते, हे समजून घेतले पाहिजे. आपल्याकडील बहुतेक शहरांप्रमाणे तेथेही नळास चोवीस तास पाणी नसते. पुरवठा चालू असताना नळीत दाब असतो आणि छिद्र असल्यास पाणी बाहेर झिरपते. पुरवठा बंद होताच दाब नाहीसा होतो, प्रसंगी नळीत पोकळी निर्माण होते व त्याच छिद्रातून भोवतालची घाण आत ओढली जाते. पुढच्या वेळी व्हॉल्व्ह उघडला की पहिले पाणी ही घाण घेऊन घरात पोहोचते. गळती म्हणजे वाया जाणारे पाणी, असे आपण समजतो. तीच वाट आत येण्याचीही असते. ज्या घरात नळास थेट पंप लावून पाणी खेचले जाते तेथे हा धोका अधिक, कारण पंपाच्या ओढीने शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नळीतील दाबही घटतो.

जलवाहिनी व मलवाहिनी यांच्यात आडवे अंतर किमान तीन मीटर असावे आणि एकमेकींस छेदताना जलवाहिनी किमान अर्धा मीटर वर असावी, असा अभियांत्रिकी संकेत आहे. जुन्या वस्तीत गल्लीच तीन मीटरची नसते. अशा ठिकाणी जुन्या लोखंडी नळ्या बदलणे आणि सांधे तपासणे एवढाच मार्ग उरतो. आणि त्यासाठी जमिनीखाली काय कोठे आहे याचा नकाशा असावा लागतो. कित्येक पालिकांत हा नकाशा निवृत्तीस आलेल्या एखाद्या फिटरच्या डोक्यातच असतो.

नळाच्या टोकाशी पाणी सुरक्षित आहे की नाही हे पाहण्याची पहिली चाचणी क्लोरिनची. भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाशी दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरिन उरलेला असावा. नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले असता पिवळा रंग येतो व त्याच्या गडदपणावरून प्रमाण कळते. मैलापाणी शिरले की ते क्लोरिन खाऊन टाकते. म्हणून काल पिवळा होणारा नमुना आज पांढराच राहिला तर त्या गल्लीचा पुरवठा लगेच थांबवून नळी उकरणे आवश्यक ठरते; जिवाणू चाचणीचा निकाल येण्यास एक-दोन दिवस लागतात व तोवर थांबून चालत नाही. क्लोरिनची चाचणी करण्यास प्रयोगशाळा लागत नाही. प्रभागातील कर्मचारी, आशा कार्यकर्ती किंवा शाळेतील शिक्षक ती पाच मिनिटांत करू शकतात. नमुना मात्र जलकुंभाजवळच्या नळाचा न घेता वाहिनीच्या शेवटच्या घराचा घ्यावयाचा असतो, आणि तोही व्हॉल्व्ह उघडल्यानंतर येणाऱ्या पहिल्या पाण्याचा.